गावात पैशाचे वर्ग घ्यायचे आहेत? नवीन लोकांसाठी सुरुवातीपासून

आपल्या विदर्भात आता बरेच जण गावोगावी आर्थिक साक्षरतेचं काम करायला लागलेत, कोणी उमेदमध्ये (बचत गटांचं सरकारी अभियान) वित्तीय साक्षरता सखी म्हणून, कोणी कॉलेजच्या एनएसएसमधून, कोणी संस्थेकडून, तर कोणी नुसतंच आपल्या गावासाठी म्हणून. नवीन माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच प्लॅन असतो, सगळ्यांना समाजमंदिरात बसवायचं, बचतीचं महत्त्व सांगायचं, योजनांची पत्रकं वाटायची आणि फोटो काढून यायचं. माझं ऐकाल तर असं करू नका. रोजीनं निंदणाला जाणारी बाई डब्यात नोटा लपवून पोरीची फी भरत असते, तिला काटकसर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. तिचं अडतं ते कागदापाशी. व्याज वर्षाला किती पडतं, पासबुकात काय छापून आलंय, सही कशावर घेतली, अंगठा कितीदा लावायला लावला, हे तिला कोणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून सुरुवात कर्जापासून आणि पासबुकापासून करा, बचतीचं नंतर बघू.

जायच्या आधी

पहिली अट आधीच सांगते, तुम्ही कोणाचे एजंट असाल तर हे काम घेऊ नका. विमा, आरडी, पतसंस्थेची ठेव, चेन मार्केटिंग, यातलं काहीही विकत असाल तर लोक तुमचं ऐकतील, तुमच्यावर विश्वास ठेवतील आणि त्याच विश्वासावर तुम्ही कमिशन कमवाल, हे बरोबर नाही. वर्गात कोणाचे पैसे हातात घ्यायचे नाहीत, कोणाचा पिन ऐकायचा नाही, कोणाचं पासबुक घरी न्यायचं नाही. मावशी स्वतःहून म्हणतील "घे ना बेटा, तूच काढून आण", तरी नाही म्हणायचं, त्यांच्यासोबत जायचं.

वेळ गावाला विचारून ठरवा. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन कापणीच्या दिवसात कोणी येणार नाही, गोंदिया-भंडाऱ्याकडे रोवणीच्या दिवसात तर विचारूच नका. बाजाराच्या दिवशी नको. स्वयंपाक आटोपल्यावर रात्री आठ-साडेआठला बाया निवांत बसतात, तेव्हा तासभर मिळतो, त्याच्यावर खेचू नका. जागाही अशी घ्या जिथं सगळेच येतात. बुद्धविहारात घेतलं तर कोण येत नाही, मंदिरात घेतलं तर कोण येत नाही, पाटलाच्या ओसरीवर घेतलं तर कोण दारातच उभं राहतं, हे आशाताईला किंवा गटाच्या सीआरपीला (गट चालवायला मदत करणाऱ्या ताईला) विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. अंगणवाडीचं पटांगण बहुतेक ठिकाणी चालतं.

यवतमाळकडे कोलामांच्या पोडावर (वस्तीवर) किंवा गडचिरोलीत माडिया-गोंडांच्या गावात जाणार असाल तर त्या गावचीच एखादी शिकलेली पोरगी सोबत घ्या, जी कोलामीत किंवा गोंडीत बोलेल. तुम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं सांगायचं असं करण्यापेक्षा तिलाच आधी शिकवा आणि बोलू तिलाच द्या, तुम्ही मागं बसा.

पहिली बैठक: वर्ष जमिनीवर मांडा

प्रोजेक्टर, पीपीटी काही नको. खडूनं किंवा रांगोळीनं जमिनीवर बारा चौकोन काढा. महिन्यांची इंग्रजी नावं लिहू नका, लोक वर्ष जसं मोजतात तसं मांडा: पाडवा, मोहफूल, तेंदूपत्ता, पेरणी, निंदण, पोळा, दिवाळी, वेचणी, संक्रांत असं. मग तुरीचे दाणे आणि खडे द्या. पैसा येतो त्या चौकोनात तुरीचे दाणे, पैसा जातो तिथं खडे. कोणी किती कमावतं ते विचारायचं नाही, घरचा आकडा चारचौघात कोणी सांगत नाही आणि सांगूही नये, फक्त जास्त की कमी एवढंच.

दहा मिनिटात चित्र समोर येतं. पेरणीपासून दिवाळीपर्यंत खड्यांचा ढीग, बियाणं-खत, शाळेची फी, पावसाळ्यातली आजारपणं, सणवार, आणि दाणे मात्र निंदणाच्या रोजीपुरते. दाण्यांचा ढीग दिवाळीनंतर. तेंदूपत्त्याच्या गावात मे महिन्यात एक मोठा ढीग दिसतो आणि पुढं जूनमध्येच तो संपलेला असतो. सालगडी असलेल्या घरात तर पाडव्यालाच वर्षभराची उचल आलेली असते, ती कुठं गेली ते पुढच्या चौकोनात दिसतं. आता विचारा, हा खड्यांचा खड्डा कशानं भरता? इथं लोक बोलायला लागतात. सावकार, कृषी केंद्राची उधारी, हप्तेवाल्या कंपनीचं ग्रुप लोन, भावाकडून हातउसने, गटाचं कर्ज. ही यादी लिहून घ्या, तुमचे पुढचे सगळे वर्ग याच्यातून निघतात.

दुसरी बैठक: शेकडा

ही बैठक सगळ्यात महत्त्वाची आहे, हिला दोन रात्री लागल्या तरी लागू द्या.

गावात व्याज शेकड्यानं बोलतात. "पाच रुपये शेकडा" म्हणजे शंभराला महिन्याला पाच. बँकवाला सात टक्के म्हणतो ते वर्षाचं असतं. माणसाला वाटतं पाच कमी आणि सात जास्त. हा एक गैरसमज गेला तरी तुमचं अर्धं काम झालं.

शंभर दाणे मोजायला लावा, हे मुद्दल. आता दर महिन्याला पाच दाणे बाजूला काढायला लावा, मोठ्यानं मोजत. बारा महिन्यात साठ दाणे होतात, विसाव्या महिन्यात व्याजाचा ढीग मुदलाएवढा होतो आणि मुद्दल आहे तिथंच पडून. हे हातानं केलं की कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मग खरा हिशोब घ्या: पेरणीला १०,००० घेतले पाच रुपये शेकड्यानं, कापूस विकून सहा महिन्यांनी दिले, तर व्याज ३,०००. सवाई-दिढी अजून चालत असेल तर तेही मांडा, पेरणीला एक पोतं घेतलं आणि निघाल्यावर दीड पोतं दिलं म्हणजे सहा महिन्यात ५० टक्के.

कृषी केंद्राची उधारी लोक व्याजात धरतच नाहीत. तिथं रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही विचारायला शिकवा. समजा रोखीत १,४०० ची वस्तू उधारीत १,६०० लिहिली आणि चार महिन्यांनी पैसे दिले, तर ते २०० रुपये व्याजच आहे, वर्षाचं धरलं तर जवळपास ४३ टक्के पडतं. आणि बिल मागायचं, पक्कं बिल, उद्या बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला तेच लागतं.

आता ग्रुप लोन. ३०,००० चं कर्ज, २४ महिने, "व्याज फक्त बारा टक्के, फ्लॅट". वर्षाला ३,६०० प्रमाणे दोन वर्षाचे ७,२००, एकूण ३७,२००, महिन्याला हप्ता १,५५०. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं ना, तरी व्याज पूर्ण ३०,००० वर लावलेलं असतं, म्हणून खरा दर २१-२२ टक्क्याच्या आसपास जातो. बायांना टक्केवारी पाठ करायला लावू नका, एकच प्रश्न शिकवा: "हातात किती देता आणि एकूण किती घेता?" प्रोसेसिंग फी, विमा कापून हातात २८,५०० च आले तर ते पण त्याच्यात धरायचं.

यातले नियमही सांगा, लोकांना हे कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून मायक्रोफायनान्सला, म्हणजे या ग्रुप लोनसारख्या छोट्या कर्जांना, नियम लावलेत: वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण द्यायचं असतं, घरातले सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको, कर्जाची माहिती समजेल अशा भाषेत एका कागदावर द्यायची, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ धमकी तर अजिबातच नाही. रात्री दारात बसून राहणारे, भांडी उचलतो म्हणणारे, हे सगळं नियमात बसत नाही हे बायांना कळलं की त्यांचा आवाजच बदलतो.

सावकाराबद्दल जपून बोला. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे, परवाना लागतो, आणि शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, बाकीच्यांना १५ आणि १८ टक्के असे दर शासनानं ठरवून दिलेत, व्याजावर व्याज लावता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, तक्रार तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. सगळ्यात मोठं सांगायचं ते खरेदीखताचं. कर्जाची हमी म्हणून वावराचं खरेदीखत करून घेतात, "फक्त कागद आहे, पैसे दिले की परत फिरवून देतो" असं सांगतात. खरेदीखतावर सही म्हणजे वावर विकलं, तोंडी शब्दाला तिथं काही किंमत नाही, हे दहादा सांगा. असं आधीच झालेलं असेल तर हातपाय गाळायचे नाहीत, १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारात जिल्हा निबंधक चौकशी करून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. पण भर बैठकीत कोणाच्या सावकाराचं नाव घेऊ नका. तो त्याच गावात राहतो, दुखणं-खुपणं झालं तर रात्री दोन वाजता पैसा तोच देतो, आणि तुम्ही सकाळच्या एसटीनं निघून जाणार असता. तक्रार करायची की नाही हे त्या घरालाच ठरवू द्या.

मग स्वस्त कर्ज कुठं मिळतं ते सांगा, नाहीतर नुसती भीती घालून याल. पीक कर्ज ३ लाखापर्यंत मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि आपल्याच अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांच्या नावाची राज्याची व्याज सवलत मिळून कास्तकाराला शून्य टक्क्यानं पडतं. पण सातबारा नावावर नाही अशा बाया, मक्त्यानं वावर करणारे, भूमिहीन मजूर यांना ते सहसा मिळत नाही, आणि तुमच्यासमोर जास्त करून हेच लोक बसलेले असतात. त्यांच्यासाठी गटाचा रस्ता आहे, उमेदच्या नियमित चालणाऱ्या महिला गटाला बँकेकडून ३ लाखापर्यंत ७ टक्क्यानं कर्ज मिळतं. गट नियमित म्हणजे काय तर पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वह्या पूर्ण. वह्यांपाशीच गट बुडतात, म्हणून एक वर्ग नुसता वह्यांचा घ्या.

तिसरी बैठक: पासबुक

आदल्या दिवशी सगळ्यांना पासबुक छापून आणायला सांगा. निम्म्या जणींचं वर्षभर छापलेलंच नसतं. दोन रंगाचे पेन न्या, आले ते हिरव्यानं, गेले ते लाल, प्रत्येकीनं आपल्या हातानं अधोरेखित करायचं. वाचता येत नसलं तरी चालतं, शेवटी शिल्लक वाढली की कमी झाली एवढं आकडा बघून कळतं, आणि आकडे बसच्या तिकिटामुळं, रेशनमुळं बऱ्याच जणींना ओळखता येतात.

पोडावरच्या एका बैठकीत एक मावशी फार चिडून सांगत होत्या, "बँकवाल्यानं माह्ये वीस रुपये कापले, मले इचारलं बी नाही." पासबुक पाहिलं तर मे महिन्यात २० ची नोंद, मागच्या वर्षीच्या मे मध्ये पण २०. ते चोरलेले नव्हते, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे होते, खातं उघडताना फॉर्मवर कोणीतरी टिक करून घेतली होती आणि सांगितलं नव्हतं. वर्षाला २० रुपयात २ लाखाचा अपघाती विमा, १८ ते ७० वयापर्यंत. त्यांना हे कळल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "सापाचं चालते का याच्यात?" चालतं. साप चावून किंवा झाडावरून पडून मृत्यू झाला तर हे अपघातात धरतात, पण लगेच दवाखान्यात नेल्याचा कागद लागतो, म्हणून मांत्रिकाकडे वेळ घालवला की माणूसही जातो आणि विमाही. मोहफूल, तेंदू, निंदण, रात्रीचं ओलित, हे सगळं करणाऱ्या गावात हा एक मुद्दा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

दुसरा विमा ४३६ रुपयांचा, जीवन ज्योती, त्याच्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख, वय १८ ते ५०. दोन्हीचं वर्ष १ जून ते ३१ मे, आणि पैसे मेच्या शेवटी खात्यातून कापले जातात. नेमकं पेरणीच्या तोंडावर खाती रिकामी असतात, पैसे कापले गेले नाहीत की विमा बंद. म्हणून मेच्या मधल्या बैठकीत एकच काम ठेवा, ज्यांनी दोन्ही घेतलेत त्यांनी ४५६ च्या वर शिल्लक ठेवायची. आणि घरच्या माणसांना सांगून ठेवायचं की विमा आहे, वारसाचं नाव बरोबर आहे का बघायचं. घरात कोणाला माहीतच नाही म्हणून किती तरी क्लेम मागितलेच जात नाहीत. कास्तकाराच्या घरासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना वेगळी आहे, त्याला हप्ता भरावा लागत नाही, अर्ज मात्र लवकर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो.

पैसा "आलाच नाही" ही दुसरी तक्रार. लाडक्या बहिणीचे १,५०० असोत की पीएम किसानचे, सरकारी पैसा आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जातो, जे खातं शेवटी जोडलं त्याच्यात. कोणीतरी गावात येऊन फुकट खातं उघडून देतो, अंगठा घेतो आणि त्या दिवसापासून पैसा त्या नवीन खात्यात पडायला लागतो, बाई मात्र जुनं पासबुक छापत बसते. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते, बघता येतं, त्याच्यात बँकेचं नाव दिसतं.

जुन्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेची पासबुकं अजून घरोघरी आहेत. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, नाव बदललं म्हणून पैसे कुठं गेले नाहीत एवढं सांगा, लोक खरंच घाबरतात.

अंगठा आणि फोन

बँक मित्राकडे (गावातच बँकेचं काम करणाऱ्या माणसाकडे) अंगठ्यानं पैसे काढणं हे म्हाताऱ्या माणसांसाठी फार सोयीचं आहे, तालुक्याला जायची मजुरी वाचते. नियम तीन शिकवा. पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. "लागला नाही, परत लावा" म्हटलं की आधी शिल्लक विचारायची, मगच दुसऱ्यांदा अंगठा. आणि पैसे काढून देण्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, त्याचं कमिशन त्याला बँक देते.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, ते शिकवाल तर सोबत हेही सांगा की लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा लागणार नाही. हे न सांगता लॉक करून दिलं तर महिन्याचं धान्य अडतं आणि परत तुमच्याकडून कोणी काही शिकणार नाही.

फोनवरची फसवणूक सगळ्यांना माहीत असते तरी होते, म्हणून एकच वाक्य गावाच्या तोंडात बसवा: पैसे यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन, त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज आणि पोच. तीन कामाच्या दिवसात बँकेला कळवलं आणि चूक आपली नसली तर नुकसान आपल्यावर येत नाही. बँकेनं ३० दिवसात दाद दिली नाही तर पुढं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट होते, माहितीसाठी नंबर १४४४८.

ठेव कुठं ठेवायची

पोरीच्या लग्नाचे म्हणून बाया पतसंस्थेत, भिशीत, नाहीतर दुप्पट देणाऱ्या एखाद्या स्कीममध्ये पैसे टाकतात, कारण तो माणूस दारात येऊन रोज ५० रुपये घेऊन जातो आणि बँक तसं करत नाही. दारावरची सोय ही खरी गरज आहे, तिला हसू नका. फक्त फरक सांगा: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. आपल्याकडे नागपूर, वर्धा, बुलडाण्याच्या जिल्हा बँका अडचणीत आल्या तेव्हा लोकांचे पैसे अडकले होते, ते गावात अजून लक्षात आहे, त्यामुळं "बँकेत ठेवा" एवढं म्हणून कोणी ऐकणार नाही, कारण सांगावं लागतं. स्कीमवाला आला तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर नाव टाकून बघायचं. तिथं नाव सापडत नसेल तर एक रुपया द्यायचा नाही.

बँकेत सोबत जा

वर्गात सगळं आलं तरी काउंटरपाशी माणूस गप्प होतो. आधी गावातच नाटक करा, एकीला साहेब करा, एकीला ग्राहक. "साहेब, माझं खातं बंद का पडलं, लेखी द्या" हे वाक्य चार वेळा मोठ्यानं म्हणून घेतलं की तिथं जीभ अडखळत नाही. मग पाच-सहा जणी मिळून जा, मजुरी बुडणार नाही असा दिवस बघून. तुम्ही मागं उभं राहा, फॉर्म भरायला मदत करा, पण साहेबाशी बोलू तिलाच द्या. शाखेत जायच्या आधी मॅनेजरला एकदा भेटून या, बहुतेक मॅनेजर चांगले असतात, त्यांच्याकडे माणसं कमी असतात.

एक गोष्ट तयारीत ठेवाच. कर्जाबद्दल बोलायला लागलं की कधी कधी एखादा माणूस किंवा बाई असं काही बोलून जाते की आता जगण्यात अर्थ नाही. आपल्या जिल्ह्यांमध्ये हे ऐकलं न ऐकलंसं करून पुढं जायचं नाही. बैठक थांबवा, त्यांच्याजवळ बसा, घरच्यांना आणि आशाताईला त्याच रात्री सांगा, टेलिमानसचा (मानसिक आधारासाठीची सरकारी सेवा) १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, तिथंच बसून लावून द्या. व्याजाचा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन करता येतो, आणि तेव्हा पासबुक, हप्त्याचं कार्ड, सावकाराचा कागद असं सगळं एका पिशवीत घालून समोर ठेवायला सांगा.